कमान कशावर उभी राहते?

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी शिक्षकांच्या विज्ञान शिबिरात बोलण्याचा योग आला. विषय होता 'बलांचा समतोल'. शेवटच्या सत्राला त्याच शाळेतील आठवी-नववीची मुलेही येऊन बसली होती. मी टेबलावर पुठ्ठ्याचा एक अर्धगोल उभा केला, त्यावर पाचरीच्या आकाराचे नऊ दगडी ठोकळे एकाला एक लावून रचले आणि पुठ्ठा हळूच काढून घेतला. कमान उभी राहिली. तिला ना चुना होता, ना सिमेंट, ना डिंक.

एका शिक्षकांनी विचारले, "हिला धरून कोण ठेवते?" मी माथ्यावरच्या मधल्या दगडाकडे बोट दाखवले. म्हटले, "हा. पुस्तकात याला की-स्टोन म्हणतात. दोन्ही बाजू पडू पाहतात, हा मध्ये कुलपासारखा बसून त्यांना अडवतो." उत्तर सर्वांना पटले. तेवढ्यात नववीतील एका मुलीने हात वर केला. "सर, नऊऐवजी दहा दगड घेतले तर? मग माथ्यावर दगड येणारच नाही, सांधा येईल."

मी क्षणाचाही विचार न करता सांगून टाकले, "म्हणून तर दगड विषम संख्येत घेतात. दहा दगडांची कमान टिकणार नाही." मुलीने ते वहीत उतरवून घेतले.

परतीच्या प्रवासात ते उत्तर मला टोचू लागले. मी ते करून पाहिलेले नव्हते, फक्त वाचलेले होते. तेही कोठे, हे आठवेना. पुढच्या रविवारी मी दहा दगडांची कमान रचली. माथ्यावर सांधा होता. आधार काढला आणि कमान पहिलीइतकीच निवांत उभी राहिली. माझे उत्तर चुकीचे होते, आणि ते एका मुलीच्या वहीत लिहिलेले होते.

हा लेख त्या चुकीची दुरुस्ती आहे. कमान माथ्याच्या दगडावर उभी राहत नसेल, तर ती कशावर उभी राहते? याचे उत्तर शाळेत, हाताने, शे-दोनशे रुपयांच्या सामानात शोधता येते.

खेळण्यातले दगड

दगडी ठोकळ्यांचा खेळ जर्मनीतला. फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये थुरिंगिया प्रांतातील ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी जी शाळा काढली, तिच्यात लाकडी ठोकळ्यांना मानाचे स्थान होते. पुढे ओट्टो आणि गुस्टाव लिलिएन्थाल या भावांनी लाकडाऐवजी कृत्रिम दगडाचे ठोकळे करून पाहिले. बारीक वाळू, खडूची भुकटी आणि जवसाचे तेल यांचे मिश्रण साच्यात दाबून ते बनवले जात. विटेसारखा लाल, चुनखडीसारखा पिवळा आणि पाटीसारखा निळा असे त्यांचे तीन रंग. भावांना धंदा जमला नाही. ही कृती फ्रीड्रिख आडोल्फ रिश्टर या उद्योजकाने विकत घेतली आणि १८८० च्या दशकात ब्लांकेनबुर्गजवळच्याच रुडोलश्टाट गावी नांगराची खूण असलेल्या 'अँकर' ठोकळ्यांचा कारखाना उभारला. ओट्टो लिलिएन्थाल हे नाव वाचकांना ओळखीचे वाटले असेल. पंख बांधून टेकडीवरून तरंगण्याचे प्रयोग करणारे आणि १८९६ मध्ये अशाच एका उड्डाणात कोसळून मरण पावलेले विमानविद्येचे आद्य संशोधक ते हेच. ठोकळ्यांचे उत्पादन १९६३ मध्ये थांबले आणि १९९५ मध्ये रुडोलश्टाटलाच पुन्हा सुरू झाले.

हे ठोकळे लाकडी ठोकळ्यांपेक्षा जड आणि थोडे खरखरीत असतात. त्यामुळे ते सहज घसरत नाहीत आणि चिकटवावे लागत नाहीत. मात्र या खोक्यांतील कमानींचे तुकडे सहसा एकसंध असतात. खरी कमान शिकायची तर पाचरी स्वतःच ओतून घ्याव्या लागतात. मीही तेच केले.

आधी पायऱ्यांची कमान

पाचरी करण्यापूर्वी साध्या आयताकृती ठोकळ्यांनी दोन खांबांमधील अंतर सांधून पाहा. पट्ट्यांचे किंवा डॉमिनोचे ठोकळे चालतील. एकावर एक ठोकळा ठेवत प्रत्येक वरचा ठोकळा थोडा पुढे सरकवायचा. सर्वांत वरचा आपल्या लांबीच्या निम्म्याने पुढे येऊ शकतो, त्याखालचा पावाने, त्याखालचा एक-षष्ठांशाने, त्याखालचा एक-अष्टमांशाने. यांची बेरीज होते पंचवीस-चोविसांश. म्हणजे चार ठोकळ्यांत सर्वांत वरचा ठोकळा पायाच्या ठोकळ्याच्या पूर्णपणे पुढे गेलेला असतो! (प्रत्यक्षात थोडी कसर ठेवावी लागते.) समोरून असाच दुसरा जिना आणला की मधली जागा झाकली जाते.

आपल्याकडील हेमाडपंती देवळांची छते याच पद्धतीने, थर पुढे काढत झाकलेली आहेत. दिल्लीच्या कुतुब परिसरातील मशिदीपुढची बाराव्या शतकाच्या अखेरची उंच कमानदार भिंत लांबून कमानीसारखी दिसते. पण तेथील कारागिरांनी तीही आपल्या सवयीच्या रीतीने, आडवे थर पुढे काढतच रचली आहे.

या रचनेत प्रत्येक दगड आडवा असतो आणि त्याचे वजन सरळ खाली जाते. बाजूला रेटा नसतो. खऱ्या कमानीतील सांधे मात्र तिरके असतात, दगड एकमेकांना तिरके रेटतात आणि तो रेटा अखेर पायांपर्यंत जातो. सगळा फरक या रेट्यात आहे.

दगड करण्याची कृती

जाड कागदावर एकाच केंद्रातून १० सें.मी. आणि १४ सें.मी. त्रिज्येची दोन अर्धवर्तुळे काढा. केंद्रापासून दर २० अंशांवर रेषा ओढा. नऊ सारखे भाग मिळतील. एका भागाची खालची बाजू सुमारे ३.५ सें.मी., वरची ४.९ सें.मी. आणि उंची ३.९ सें.मी. भरते. बाजू सरळच ठेवाव्यात, त्यांना गोलाई देण्याची गरज नाही. ४ सें.मी. रुंदीच्या लाकडी पट्ट्यांचा या मापाचा साचा करून त्याला आतून तेल लावा आणि एक भाग सिमेंट व तीन भाग बारीक चाळलेली वाळू यांचे घट्टसर मिश्रण त्यात ठासून भरा. दुसऱ्या दिवशी ठोकळा काढून चार-पाच दिवस ओला ठेवा. एक ठोकळा साधारण १३० ग्रॅम भरतो. सुताराकडून लाकडी पाचरी करून घेतल्या तरी चालते. फक्त सर्व ठोकळे एकाच लाकडाचे हवेत आणि त्यांना पॉलिश नको.

दहा दगडांच्या कमानीसाठी हीच अर्धवर्तुळे दर १८ अंशांवर विभागा. तेव्हा खालची बाजू ३.१ सें.मी. आणि वरची ४.४ सें.मी. येते.

आता आधार. गवंडी याला सेंट्रिंग म्हणतात. ९.६ सें.मी. त्रिज्येचे दोन अर्धगोल पुठ्ठ्याचे किंवा प्लायचे कापून त्यांच्यामध्ये ३ सें.मी. रुंदीचे ठोकळे चिकटवा. हा आधार जमिनीवर थेट ठेवू नये. त्याच्या दोन्ही टोकांखाली पोस्टकार्डांच्या सारख्या चळती ठेवून तो दोन-तीन मिलिमीटर उचलावा. रचना पूर्ण झाली की दोन्ही बाजूंनी आळीपाळीने एकेक कार्ड ओढून काढायचे. आधार सावकाश खाली बसतो आणि कमान आपले वजन हळूहळू स्वतःवर घेते. मोठ्या पुलांच्या सेंट्रिंगखालीही पाचरी ठोकलेल्या असतात आणि त्या अशाच थोड्या थोड्या सैल करतात. आधार एकदम ओढला तर धक्का बसतो आणि चांगली कमानही पडते.

रचताना दोन्ही पायांकडून सुरुवात करा. पहिले दोन दगड दोन्ही बाजूंना आधाराशिवाय उभे राहतात. तिसऱ्याचा सांधा ४० अंशांनी कललेला असतो. तो ठेवताच घसरतो किंवा सगळी फांदी आत झुकते. आधाराची गरज तेथून सुरू होते. मुलांना हे आधी न सांगता स्वतः पाहू द्यावे.

दोन कमानी, दोन धक्के

आता विद्यार्थ्यांपुढे हे दोन प्रयोग एकापाठोपाठ करावेत.

पहिला: दहा दगडांची कमान. माथ्यावर दगड नाही, सांधा आहे. कमान उभी राहते. मग तिचा कोणताही एक दगड, खांद्याचा म्हणा की पायाचा, हळूच बाहेर ढकला. कमान पडते. नऊ दगडांच्या कमानीतही तसेच होते. म्हणजे माथ्याच्या दगडाला वेगळा अधिकार नाही. साखळीच्या प्रत्येक कडीइतकाच त्याचा वाटा. तो शेवटी बसतो आणि सर्वांत उंच असतो, म्हणून त्याच्यावर नक्षी येते आणि श्रेयही त्याच्या वाट्याला जाते.

दुसरा: बारीक कमान. ११.५ आणि १२.५ सें.मी. त्रिज्यांच्या दोन अर्धवर्तुळांमधून एक सें.मी. जाडीचे नऊ दगड करा. यात माथ्याचा दगड आहे, सांधे तंतोतंत बसलेले आहेत. आधार काढला की कमान पडते. दहा वेळा रचा, दहा वेळा पडेल. मी प्रथम हाताच्या सफाईला दोष देऊन पाचरी काचकागदावर घासत बसलो होतो. त्यात एक संध्याकाळ गेली आणि कमान पुन्हा पडली.

एका कमानीला माथ्याचा दगड नसून ती उभी आहे. दुसरीला तो असून ती पडते. मग फरक कशाचा?

उलटी टांगलेली साखळी

याचे उत्तर रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाला सापडले होते. स्प्रिंगच्या ताणाचा नियम आपण ज्याच्या नावाने शिकवतो, तोच हा हूक. १६७५ मध्ये आपल्या एका पुस्तकाच्या शेवटी त्याने हे उत्तर अक्षरांची उलटापालट केलेल्या कोड्याच्या रूपात छापले. शोधाचा मान आपलाच राहावा, पण गुपित फुटू नये म्हणून. कोड्याची उकल त्याच्या मृत्यूनंतर, १७०५ मध्ये प्रसिद्ध झाली. मथितार्थ असा: लवचिक साखळी ज्या आकारात लोंबते, तोच आकार उलटा केला की त्यात ताठ कमान उभी राहते.

हे असे का, ते पाहू. टांगलेल्या साखळीच्या एका कडीवर तीन बले असतात: स्वतःचे वजन आणि दोन शेजारच्या कड्यांची ओढ. कड्या फक्त ओढू शकतात, ढकलू शकत नाहीत. म्हणून या तीन बलांचा समतोल होईल असाच आकार साखळी आपोआप घेते. आता चित्र उलटे करा. कमानीच्या एका दगडावरही तीनच बले आहेत: वजन आणि दोन शेजाऱ्यांचा रेटा. सुटे दगड फक्त ढकलू शकतात, ओढू शकत नाहीत. ओढीच्या जागी रेटा आला, बाकी हिशेब तोच राहिला. दगडादगडांतून रेटा ज्या वाटेने खाली उतरतो, तिला आपण रेट्याची रेषा म्हणू. ही रेषा म्हणजे उलटी साखळी.

साखळी हवेत लोंबते, पण कमानीतील रेट्याला दगडातूनच जावे लागते. म्हणून नियम असा: उलट्या साखळीचा निदान एक तरी आकार कमानीच्या जाडीत पूर्णपणे मावत असेल, तर कमान उभी राहते. कोणताच मावत नसेल, तर ती पडते.

हे भिंतीवर करून दाखवता येते. दोन्ही कमानी कागदावर पूर्ण मापात काढा आणि कागद उलटा करून भिंतीवर लावा. बारीक मण्यांची माळ दोन्ही पायांच्या जाडीत कोठेतरी धरून लोंबू द्या आणि तिची लांबी कमी-जास्त करा. चार सें.मी. जाडीच्या कमानीत माळ आरामात मावते. एक प्रकारे नव्हे, अनेक प्रकारे. एक सें.मी. जाडीच्या कमानीत कितीही खटपट केली तरी ती कोठेतरी बाहेर जाते. माथ्याला सांभाळावे तर खांद्याजवळ आत शिरते, खांद्याला सांभाळावे तर माथ्याशी बाहेर पडते. दोन मिनिटांत वर्गाला उत्तर दिसते.

अर्धवर्तुळाकार कमानीला कमीत कमी किती जाडी हवी? जाडीच्या मधोमध जाणाऱ्या वर्तुळाची त्रिज्या घ्या. जाडी तिच्या १०.७५ टक्क्यांहून कमी असेल, तर कमान स्वतःच्या वजनाने पडते. हे अचूक गणित मांडले मिलुटिन मिलान्कोविच या सर्बियन संशोधकाने. रेट्याच्या रेषांवर त्याने १९०४ मध्ये व्हिएन्नात डॉक्टरेट मिळवली आणि हा निष्कर्ष १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. पृथ्वीच्या कक्षेतील बदलांचा हिमयुगांशी संबंध जोडणारा मिलान्कोविच तो हाच.

आपल्या कमानींची मध्यत्रिज्या १२ सें.मी. आहे. तिच्या १०.७५ टक्के म्हणजे जवळजवळ १.३ सें.मी. एक सें.मी. जाडीची कमान या मर्यादेखाली होती. तिला हाताची सफाई वाचवू शकली नसती. शिवाय प्रत्यक्षात सांधे थोडे वाकडे असतात, टेबल हलते, म्हणून मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट जाडी घ्यावी. चार सें.मी. ही तिप्पट आहे.

तडा गेला म्हणजे कमान गेली का?

बारीक कमान पडताना नीट पाहिली, तर ती कोसळताना दगड फुटत नाहीत, घसरतही नाहीत. ती दुमडते. माथ्याजवळ सांधा खालून उघडतो, दोन्ही खांद्यांवर वरून उघडतो आणि पायाशी आतून उघडतो. रेट्याची रेषा जेथे दगडाच्या कडेला टेकते, तेथे सांधा बिजागरीसारखा वळतो.

बिजागऱ्यांची संख्या महत्त्वाची आहे. तीन बिजागऱ्या असलेली कमान उभी राहते. बिजागऱ्यांनी जोडलेल्या पट्ट्या घेऊन हे तपासा. दोन पट्ट्या एकमेकींना आणि दोन्ही टोकांना जमिनीशी जोडल्या, तर त्रिकोण होतो आणि तो हलत नाही. तीन पट्ट्या घेतल्या, म्हणजे चार बिजागऱ्या झाल्या, की सांगाडा डुलतो. कमानीचेही तसेच. म्हणून दगडी कमानीत एखाद-दुसरा सांधा उघडलेला दिसला, तर ती लगेच पडणार असे समजू नये. पाय किंचित सरकले आणि कमानीने त्यांच्याशी जुळवून घेतले, एवढेच त्यातून कळते. सिमेंट भरून तडा झाकण्यापूर्वी पाय का सरकले आणि अजून सरकत आहेत का, हे पाहणे जास्त महत्त्वाचे.

इतिहासात याचे एक मोठे उदाहरण आहे. रोमच्या सेंट पीटर चर्चच्या घुमटाला तडे गेल्याने अठराव्या शतकात चिंता पसरली. पादुआचे जोव्हान्नी पोलेनी यांना तपासणीसाठी बोलावण्यात आले. त्यांनी घुमटाच्या कलिंगडासारख्या उभ्या फोडी कल्पून एका जोडीच्या वजनांच्या प्रमाणात साखळीला लहानमोठे मणी ओवले, ती टांगली आणि तिचा आकार घुमटाच्या छेदावर उलटा ठेवून पाहिला. साखळी जाडीत मावत होती. १७४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात त्यांनी घुमट सुरक्षित असल्याचे सांगितले. घेर आणखी फाकू नये म्हणून लोखंडी कडी बसवण्याला त्यांचाही पाठिंबा होता. तो घुमट आजही उभा आहे.

रेटा मोजू या

या रेट्याला शाळेतला ताणकाटा पुरतो. प्रयोगाला दहा दगडांची कमान घ्यावी, कारण तिच्या माथ्यावर सांधा असतो. एक पाय दोन गोल पेन्सिलींवर ठेवलेल्या पट्टीवर उभा करा. दुसऱ्या पायाखालीही तेवढ्याच उंचीची पट्टी ठेवा, पण तिच्याखालच्या पेन्सिली चिकटपट्टीने पक्क्या करा. चाकांवरची पट्टी दगडापेक्षा लांब घ्या. तिच्या दोन्ही टोकांना दोरे बांधून ते कमानीच्या पुढून व मागून पलीकडे न्या आणि तेथे एकत्र करून ताणकाट्याला अडकवा. रचताना दोर पक्का बांधून ठेवा. आधार काढल्यावर काटा हातात धरून ओढ अगदी सावकाश कमी करत जा.

एका क्षणी माथ्याचा सांधा खालून केसभर उघडतो. त्या वेळचे वाचन टिपा. माझ्या कमानीचे वजन सुमारे बाराशे ग्रॅम होते आणि वाचन १२० ते १४० ग्रॅमच्या दरम्यान येत असे. म्हणजे जाड अर्धवर्तुळाकार कमान आपल्या वजनाच्या सुमारे एक-दशांश एवढ्या बलाने पाय बाहेर रेटते. खरखरीत टेबलावर घर्षण एवढा रेटा सहज पेलते, म्हणून आपली कमान बाजूच्या आधाराशिवाय उभी होती. तिच्या पायांखाली तेल लावलेली काच ठेवा, ती फाकून पडेल.

कमान जितकी चपटी, तितका रेटा अधिक. दहावीच्या विद्यार्थ्याला हे काढता येईल. चपट्या कमानीचा अर्धा भाग घ्या. त्याचे वजन एकूण वजनाच्या निम्मे. ते पायापासून गाळ्याच्या साधारण पाव अंतरावर काम करते. माथ्याशी त्याला दुसऱ्या अर्ध्याचा आडवा रेटा आहे, तो पायापासून कमानीच्या उंचीइतका वर आहे. पायाभोवती दोन्ही आघूर्ण सारखे हवेत. म्हणून आडवा रेटा म्हणजे वजन गुणिले गाळा भागिले उंचीची आठपट. उंची गाळ्याच्या पाव असेल तर रेटा वजनाच्या निम्मा, आणि एक-अष्टमांश असेल तर रेटा संपूर्ण वजनाइतका! अशा कमानीला भक्कम बाजूचा बांध हवाच.

खेळणे खरे का बोलते

येथे एक शंका यावी. वीस सें.मी. गाळ्याच्या खेळण्यावरून दहा मीटरच्या पुलाबद्दल बोलणे बरोबर आहे का?

इतर बहुतेक रचनांबाबत ते बरोबर नसते. गॅलिलिओने १६३८ मधील आपल्या ग्रंथात हे स्पष्ट केले. सर्व मापे दुप्पट केली, तर वजन आठपट होते, पण ते पेलणारा छेद चौपटच होतो. म्हणून मोठा वासा स्वतःच्या वजनाने मोडतो आणि हत्तीचे पाय हरणासारखे असून चालत नाहीत.

कमानीत दगडाच्या ताकदीचा प्रश्न सहसा येतच नाही. आपल्या कमानीच्या एका पायावर सुमारे ६०० ग्रॅम वजन आहे आणि पायाचे क्षेत्रफळ १६ चौ.सें.मी.; म्हणजे दर चौ.सें.मी.ला ४० ग्रॅमही नाहीत. सर्व मापे पन्नासपट करा. गाळा दहा मीटर, जाडी दोन मीटर झाली. भार पन्नासपट वाढला आणि दगड सिमेंट-वाळूपेक्षा जड असतो हेही धरले, तरी दर चौ.सें.मी.ला दोन-तीन किलो होतात. आपला काळा पाषाण हजार किलोहून अधिक भार सोसतो. तेव्हा प्रश्न उरतो तो रेट्याची रेषा जाडीत मावते की नाही, एवढाच. तो आकाराचा प्रश्न आहे, आणि सारख्या प्रमाणात वाढवल्याने आकार बदलत नाही. जी कमान टेबलावर उभी राहते, ती त्याच प्रमाणात नदीवरही उभी राहते. दक्षिण फ्रान्समधील पाँ द्यू गार हा रोमन जलसेतू बहुतांशी चुन्याशिवाय रचलेला आहे. त्याची सर्वांत मोठी कमान सुमारे २४ मीटरची असून ती जवळजवळ दोन हजार वर्षे उभी आहे.

अट एकच, पाय हलता कामा नयेत. दगडाची शक्ती कमी पडून कमानी फारशा पडत नाहीत. पायाखालची जागा गेली की पडतात. अनेक गाळ्यांच्या पुलात मधल्या खांबावर दोन्ही बाजूंचे रेटे येतात आणि परस्परांना काटतात. एक गाळा गेला, तर शेजारच्या कमानीचा रेटा खांबाला एकट्याने पेलावा लागतो. खांब सडपातळ असेल तर तो झुकतो आणि पुढची कमानही जाते. दोन कमानी शेजारी रचून मधला पाय एकच ठेवला, तर टेबलावर हेही दिसते.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील इंग्रज काळातील दगडी कमानींचा पूल महापुरात कोसळला. एस.टी.च्या दोन गाड्या आणि इतर वाहने वाहून गेली, अनेकांचे प्राण गेले. असे पूल आपल्या राज्यात अजून पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे पाहताना आपली नजर वर कमानीकडे जाते. ती खाली, पाण्याने खरवडलेल्या पायांकडेही गेली पाहिजे. सहलीत एखादा जुना दगडी पूल दिसला, तर मुलांना विचारा: रेट्याची रेषा कोठून जात असेल? ती कोठे टेकते? तेथे जमीन शाबूत आहे का?

त्या शाळेला मी पत्र लिहिले. मुलीचे नाव मला ठाऊक नव्हते, म्हणून 'दहा दगडांचा प्रश्न विचारणारीस' असा मजकुरात उल्लेख केला. माझे उत्तर वहीतून खोडावे, दहा दगडांचे माप सोबत पाठवत आहे, स्वतः रचून पाहावे, असे कळवले. तीन आठवड्यांनी मुख्याध्यापकांचे उत्तर आले. मुलांनी दगड ओतले होते. दहाची कमान उभी राहिली, अकराचीही राहिली. पत्राच्या तळाशी वेगळ्या अक्षरात एक ओळ होती: "सर, आठ दगडांचीही राहिली. आता चार करून बघतो."

चारचे काय झाले, ते मला अजून कळलेले नाही. ते वाचकांनीच करून पाहावे.